अपंगत्वाबद्दल वाचायचंय, पण ‘जिद्दीची गाथा’ नको

मीनल_क
आमची सात-आठ जणींची पुस्तक भिशी आहे. दर महिन्याला चिठ्ठी निघते. जिचं नाव निघेल तिने विषय द्यायचा, बाकीच्यांनी मुकाट वाचायचं. यंदा एक अट वाढवली आहे: विषय असा हवा, की आपल्यातल्या कुणीच त्यावरचं पुस्तक आपणहून कपाटातून काढलं नसतं. पुढचा महिना माझा. मी अपंगत्व हा विषय दिलाय.

ग्रंथालयातल्या ताईंनी पटापट चार पुस्तकं काढून दिली. चारही मुखपृष्ठांवर सूर्योदय. आतला क्रमही सारखाच: अपघात किंवा आजार, अंधार, एक देवमाणूस भेटणं, मग पदक नाहीतर पुरस्कार. पुस्तकं वाईट आहेत असं नाही. पण चारही संपली तरी मला साध्या गोष्टी कळल्या नाहीत. व्हीलचेअर वापरणारा माणूस भाड्याचं घर बघायला जातो तेव्हा आधी काय बघतो? ऐकू न येणाऱ्या आईला रात्री बाळ रडलेलं कसं कळतं? ऑटिझम असलेल्या पोराला न्हाव्याकडे कसं नेतात?

तर अशी पुस्तकं सुचवा. शक्यतो त्या माणसाने स्वतः लिहिलेली. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचलेलं आहे. आणि ‘अपंग’ की ‘दिव्यांग’ यावर इथे आधीच धागे पेटून विझलेत, तो विषय कृपया नको.

बंड्या_गोरेगावकर
चारही मुखपृष्ठांवर सूर्योदय =))
पाचव्यावर जिने चढत जाणारी सावली असते. पुस्तक व्हीलचेअरवाल्याचं असलं तरी.

डॉ_अनिरुद्ध
ऑलिव्हर सॅक्स वाचा, डोळे झाकून. मज्जाविकारतज्ज्ञ होते. ‘द मॅन हू मिस्टूक हिज वाइफ फॉर अ हॅट’ (१९८५) बऱ्याच जणांनी नाव तरी ऐकलं असेल. मी मात्र ‘सीइंग व्हॉइसेस’ (१९८९) आधी सुचवेन. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. आमच्या शिक्षणात बहिरेपण म्हणजे ऑडिओग्रामवरची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावरची, खाली घसरलेली रेघ. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, त्या भाषेत विनोद आणि कविता होतात, हे मला कॉलेजात कुणीच सांगितलं नव्हतं. विशेष म्हणजे सॅक्सना स्वतःला चेहरे ओळखता येत नसत, आणि पुढे कर्करोगामुळे एका डोळ्याची दृष्टीही गेली. त्यावरही त्यांनी लिहिलंय.

चाकोरी
डॉक्टरसाहेब, सॅक्स लिहितात छानच, वादच नाही. पण त्यांच्या पुस्तकात मी शेवटी ‘केस’च असतो. टॉम शेक्सपियर नावाचे ब्रिटिश अभ्यासक आहेत, जन्मतः ठेंगणेपणा असलेले. त्यांनी सॅक्सच्याच शीर्षकावरून कोपरखळी मारली होती, की या गृहस्थांनी आपल्या पेशंटांनाच साहित्यिक कारकीर्द समजण्याची गल्लत केली. जरा तिखट आहे, पण मला पटतं.

मीनलताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. गेली बरीच वर्षं खुर्ची वापरतोय. घर बघायला जातो तेव्हा खिशात मेजरिंग टेप असते. हॉल, गॅलरी, व्ह्यू सगळं नंतर. आधी बाथरूमच्या दाराची रुंदी. माझी खुर्ची सव्वीस इंच. लिफ्ट आहे म्हणून एजंट खुशीत असतो, आणि लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या असतात. ‘साहेब, तीनच तर आहेत’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की नाशिकचे एजंट बहुधा एकाच क्लासला जाऊन आलेत.

पुस्तक म्हणाल तर ज्युडिथ ह्यूमन यांचं ‘बीइंग ह्यूमन’ (२०२०). न्यूयॉर्कची बाई, लहानपणी पोलिओ झालेला. पाचव्या वर्षी शाळेने प्रवेश नाकारला, कारण काय तर खुर्चीमुळे आग लागली तर धोका. मोठी होऊन शिक्षिका व्हायला निघाली, तर बोर्डाने परवाना नाकारला. हिने १९७० मध्ये सरळ खटला भरला. आणि १९७७ चं सॅन फ्रान्सिस्को! अपंगांबाबत भेदभाव करू नये असा कायदा झालेला, पण त्याचे नियम सही न करता पडून. शंभरावर अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसून तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिली. औषधं नाहीत, कूस बदलायला मदतनीस नाहीत. ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे लोक रोज गरम जेवण आणून देत होते. शेवटी सही झाली. या पुस्तकात देवमाणूस कुणीच नाही, सगळे भांडखोर.

सत्यमेव_१
माफ करा, पण सगळा सूर नकारात्मक वाटतोय. प्रेरणादायी पुस्तकांनी असं काय घोडं मारलंय? माणूस त्या परिस्थितीतून उभा राहतो हे वाचून आपल्याला बळ मिळतं. मी माझ्या मुलांना मुद्दाम अशी चरित्रं देतो. ‘बघा, यांना हात नाहीत तरी हे करतात, तुम्हाला सगळं असून रडता.’

चाकोरी
अहो सत्यमेव, ‘बघा, यांना हात नाहीत तरी’ मधला ‘हे’ म्हणजे मी. तुमच्या मुलांनी गृहपाठ करावा म्हणून माझं आयुष्य नाहीये.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग म्हणून पत्रकार आणि विनोदी कलाकार होती. २०१४ च्या तिच्या टेड भाषणात एक किस्सा आहे. ती पंधरा वर्षांची असताना गावातलं कुणीतरी तिच्या आईवडिलांकडे आलं, हिला पुरस्कार देऊ म्हणून. आईवडील म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण हिने तसं काही केलेलं नाही. शाळा, अभ्यास, टीव्ही. बास.

आमच्याकडे ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनाला, एका संस्थेने माझा सत्कार ठेवला होता. स्टेजला रॅम्प नाही. चौघांनी मला खुर्चीसकट उचललं, शाल घातली, फोटो काढले, आणि परत उतरवायच्या वेळी ते चौघे जेवायला गेलेले. पुढची तीन भाषणं मी स्टेजवरच.

बंड्या_गोरेगावकर
म्हणजे प्रमुख पाहुणेच झालात की! (ह. घ्या.)

चाकोरी
अध्यक्षांपेक्षा जास्त वेळ बसलो. समारोपालाही मीच टाळ्या वाजवल्या.

शरयू_काकू
सत्यमेव यांचं अगदीच चूक नाही हो. माझ्या धाकट्या दिराचा अपघात झाला तेव्हा त्याला असल्याच एका पुस्तकाने उठवून बसवलं होतं. ज्याचं त्याने ठरवावं.

मात्र हेलन केलरबद्दल, त्या पाहू-ऐकू न शकणाऱ्या अमेरिकन लेखिकेबद्दल, बोलायचंच आहे. आम्हाला शाळेत धडा होता. १८८७ साल, पंप, हातावर पाणी, ‘वॉटर’. पंपापाशी धडा संपला. निवृत्त झाल्यावर मी तिच्याबद्दल वाचायला बसले आणि थक्क झाले. ही बाई १९०९ मध्ये समाजवादी पक्षात गेली! कारखान्यांमध्ये आणि झोपडपट्ट्यांमध्ये माणसं आंधळी का होतात, यावर ती लिहू लागली. तोपर्यंत वर्तमानपत्रं तिचं कौतुक करत होती. राजकारण बोलायला लागल्यावर म्हणू लागली, बिचारीला काय कळतंय. १९२० मध्ये अमेरिकेतली नागरी स्वातंत्र्यांची मोठी संघटना निघाली, तिच्या संस्थापकांमध्ये ही होती. १९५५ मध्ये भारतातही येऊन गेली. आणि तिचं एक मत असंही आहे की वाचून अंगावर काटा येतो. १९१५ मध्ये शिकागोत एका डॉक्टरने गंभीर व्यंग असलेल्या नवजात बाळावर शस्त्रक्रिया करायला नकार दिला, बाळ गेलं, आणि हेलनने त्या डॉक्टरची बाजू घेतली. मला हे वाचून ती जास्त खरी वाटली. धड्यातली हेलन आठवून बघा, तिला मत असेल असंही कधी वाटलं नव्हतं.

दादरकर
वेद मेहता कुणीच कसे नाही काढले? ‘वेदी’ (१९८२). लाहोरच्या डॉक्टर बापाचा मुलगा, मेंदूज्वराने लहानपणीच दृष्टी गेलेली. पाच वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडिलांनी त्याला हजार मैलांहून लांब पाठवलं, आपल्या दादरच्या अंधशाळेत. खात्यापित्या घरचं पोर, आणि भोवती बरीचशी अनाथ, गरीब मुलं. वाचताना मी सारखा थांबत होतो, कारण १९४० च्या आसपासचं दादर पूर्ण आवाज, वास आणि स्पर्शातून उभं राहतं. रंग नाही, इमारतीचं वर्णन नाही, तरी जागा ओळखू येते. पुढे हा माणूस ‘न्यूयॉर्कर’मध्ये कित्येक वर्षं लिहीत होता. गंमत म्हणजे त्यांच्या इतर लिखाणात ते अगदी डोळस माणसासारखी वर्णनं करतात, आंधळेपणाचा उल्लेखही नसतो. त्यावरून काही टीकाकार चिडले होते.

ध्वनी_
चिडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मी जन्मांध आहे. मलाही ‘लाल टोमॅटो’ म्हणायचा हक्क आहे. टोमॅटो लाल असतो ही माहिती काय फक्त तुमच्या मालकीची आहे?

‘वेदी’ मीही वाचलंय, आवडलंय. आता मूळ प्रश्नाला फाटा फोडते. या धाग्यावर जेवढी पुस्तकं सुचवली जातील, त्यातली मला किती वाचता येतील? इंग्रजी बहुतेक सगळी. मराठीत बोंब.

मी संगणकावर एनव्हीडीए वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणांनी सुरू केलेलं, फुकट मिळतं, मराठीही बोलतं. आवाज सुतकी आहे पण सवय होते. अडचण आवाजाची नाहीच. मराठी पुस्तकांच्या जुन्या फायली कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. तुम्हाला पडद्यावर ‘भारत’ दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. मला ऐकू येतं ‘एच के के जे आर’. अख्खी कादंबरी अशी. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर तेवढंही नाही, शांतता.

कायदा आमच्या बाजूने आहे बरं का. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर आमच्यासाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अंधांसाठी पुस्तकं खुली करणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि तो मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. सगळं आहे. फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठतील असं, टंकून देणारी माणसं हवीत.

आणि एक विनंती. सहीत वीस तारका आणि पंचवीस डॅश घालणाऱ्या मंडळींनो, माझा वाचक ते सगळं वाचून दाखवतो.

बंड्या_गोरेगावकर
सही बदलली. (माझ्या सहीत साप-शिडीचं चित्र होतं. तारका आणि उभ्या रेघांचं. सॉरी.)

ध्वनी_
अच्छा, तो साप होता होय. मला वाटत होतं आयडी हॅक झालाय.

निनाद_बाबा
मीनल, न्हाव्याचा प्रश्न माझ्याकडे. मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम. दुकान उघडायच्या आधी जातो, गिऱ्हाईक नसताना. रेडिओ बंद. मशीन नाही, कात्रीच, कारण मशीनची घरघर त्याला कानात ड्रिल चालवल्यासारखी लागते. गळ्याला तो नायलॉनचा कपडा नको, घरचा जुना शर्ट उलटा घालतो. पहिल्या काही खेपा नुसतं खुर्चीत बसून परत आलो. आमचा न्हावी कुठलंही पुस्तक न वाचता हे सगळं करतो, त्याला साष्टांग दंडवत.

पुस्तकांत ‘द रीझन आय जंप’ तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. जपानी मुलगा, नाओकी हिगाशिदा, तेराव्या वर्षी लिहिलेलं. इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये आलं. मी ते रडत वाचलं होतं. मग कळलं की त्यावर मोठा वाद आहे. तो अक्षरतक्त्यावर बोट ठेवून बोलतो, आणि दुसऱ्याच्या मदतीने केलेल्या अशा संवादात शब्द नेमके कुणाचे, यावर शंका घेतल्या जातात. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा ‘आधार देऊन टंकण्या’च्या पद्धती वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. खुद्द हिगाशिदाबद्दल दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने बोलतात. मी ठरवू शकत नाही. त्यातलं एखादं पान माझ्या मुलाला चपखल लागू पडतं, आणि मग मला भीती वाटते, की मला जे ऐकायचंय तेच मी वाचतोय का.

टेंपल ग्रँडिन यांचं ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ (१९९५) त्यामानाने निर्धास्त वाचा. त्या स्वतः लिहितात, भाषणं देतात. गुरांना कत्तलखान्यात नेणारे मार्ग त्यांनी असे आखले की जनावर बिथरत नाही. कारण त्यांना सावली, लोंबणारी साखळी, चकाकणारं पाणी जनावराइतकंच खटकतं. विषय ऐकून नाक मुरडू नका.

अभ्यासू_मांजर
एक शंका. पुस्तकं वाचून काय होणार? आजूबाजूला इतकी अपंग माणसं आहेत. त्यांच्याशी बोला, मैत्री करा. पुस्तक म्हणजे सुरक्षित अंतरावरून बघणं झालं.

ध्वनी_
मांजरताई/दादा, हेतू चांगला आहे, पण जरा माझ्या बाजूने बघा. लोकलमध्ये, ऑफिसात, लग्नात, रोज कुणीतरी मैत्री करायला येतं. पहिला प्रश्न ‘जन्मापासून का?’ दुसरा ‘स्वप्नात काय दिसतं?’ तिसरा ‘स्वयंपाक कोण करतं?’ मी काही चालता-बोलता माहितीकोश नाही. ज्यांनी आधी दोन पुस्तकं वाचली आहेत त्यांच्याशी माझ्या गप्पा थेट पावसावर, साहेबावर किंवा क्रिकेटवर सुरू होतात. म्हणून म्हणते, आधी वाचा. तुमचे प्राथमिक प्रश्न पुस्तकावर खर्च करा, ते कंटाळत नाही.

अभ्यासू_मांजर
पटलं. आणि दादा. :)

कट्टा_वकील
कम्फर्ट झोनच्या बाहेरचं वाचायचंय ना? मग २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदाच वाचा.

बंड्या_गोरेगावकर
काका, भिशी आहे, बार असोसिएशन नाही.

कट्टा_वकील
हसा, पण ऐका. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. यादी मोठ्याने वाचायला सांगा भिशीत. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, डिसलेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती. दहाव्या-बाराव्या ओळीपर्यंत प्रत्येकीला आपल्या घरातला कुणीतरी आठवेल. मला माझे वडील आठवले, त्यांना आम्ही कधीच या यादीत धरलं नव्हतं. नुसतं ‘हात थरथरतात’ म्हणायचो.

चांदा_टु_बांदा
वकीलसाहेब, सिकलसेलचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरोघरी ऐकू येणारा शब्द आहे हा, तिकडे नंदुरबारलाही. माझ्या बहिणीला आहे. दिसायला काही नाही. हातपाय धड, डोळे धड. पण क्रायसिस आला की हाडांत असं दुखतं की माणूस भिंतीवर डोकं आपटते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नसांत अडकतात, रक्त पुढं सरकत नाही. एसटीत राखीव सीटवर बसली की बाया म्हणतात, ‘पोरी, लाज नाही का वाटत?’ कार्ड काढून दाखवलं तरी पटत नाही कोणाले.

यावर मराठीत आतून लिहिलेलं पुस्तक मला तरी सापडलं नाही. आरोग्य खात्याची पत्रकं आहेत. त्यात ‘लग्नाआधी तपासणी करा’ एवढंच. ज्याला आजार आहे त्याने काय करावं, हे कोण लिहील?

कट्टा_वकील
आणि यातली खोच बघा. कलम ३४ मध्ये सरकारी नोकरीत चार टक्के राखीव जागा आहेत. त्यात दृष्टी, श्रवण, हालचालीचं अपंगत्व, आणि ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार हा गट येतो. सिकलसेल, थॅलेसिमिया, हिमोफिलिया त्यात धरलेले नाहीत. म्हणजे तुमची बहीण कायद्याने अपंग, उच्च शिक्षणातल्या पाच टक्क्यांत अर्ज करू शकते, पण नोकरीच्या चार टक्क्यांत नाही. हे कुठल्याही आत्मचरित्रात नसतं म्हणून म्हटलं, कायदा वाचा.

चांदा_टु_बांदा
तो अर्ज भरूनच कळलं आम्हाले.
बहिणीला सांगितलं, तूच लिही. म्हणते, आधी नोकरी लागू दे.

बावाजी_नाही_मी
वातावरण फार गंभीर झालं म्हणून फिरदौस कांगा. ‘ट्राइंग टु ग्रो’ (१९९०). मुंबईचा पारशी पोरगा, हाडं काचेसारखी ठिसूळ, उंची चार फुटांच्या आत. लेखकाचं स्वतःचंच आयुष्य, पण कादंबरीच्या रूपात. नायकाचं टोपणनाव ‘ब्रिट’, ब्रिटल म्हणूनही आणि बावाजींच्या इंग्रजप्रेमावरूनही. भयंकर विनोदी. दयेची लागण झालेले सगळे नातेवाईक यात सापडतील. पुढे त्यावर सिनेमा निघाला, त्यात कांगानेच काम केलंय.

धोक्याची सूचना: पुस्तकात शरीरसुख आहे, समलिंगी आकर्षण आहे, स्पष्ट आहे. भिशीत सासूबाई असतील तर बघा बुवा.

शरयू_काकू
सासूबाईंना कमी लेखू नका. मी सासू आहे आणि मी आत्ताच ऑर्डर केलंय.

मीनल_क
काकू __/\__

मुंबईचा_सनी
मीनल, तुमचा बाळाचा प्रश्न राहिलाय. माझे आईबाबा दोघेही कर्णबधिर. आईने पाळण्याची दोरी रात्री मनगटाला बांधलेली असायची. मी हात-पाय झाडले की तिला हिसका बसायचा. रडण्याच्या आधीच उठायची ती, आजी म्हणायची की ऐकू येणाऱ्या सुनांपेक्षा हिचं पोर कमी रडतं. दारावरच्या बेलला बल्ब जोडलेला होता. मित्र मुद्दाम बेल दाबून ठेवायचे, घरात डिस्को.

मी मात्र आठव्या वर्षापासून घरचा दुभाषा. बँक, रेशन, डॉक्टर. बाबांच्या आजाराचं निदान बाबांना मी सांगितलंय, शाळेच्या गणवेशात. त्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

नोरा ग्रोस यांचं पुस्तक वाचा, ‘एव्हरीवन हिअर स्पोक साइन लँग्वेज’ (१९८५). अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड हे बेट आहे. तिथे आनुवंशिक बहिरेपण खूप, एकोणिसाव्या शतकात दर १५५ माणसांमागे एक. मग झालं काय, तर ऐकू येणारे सगळेच खुणांची भाषा शिकले. दोन होड्यांतले कोळी लांबून खुणांनी बोलायचे, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना बायका खुणांनी कुचुकुचु करायच्या. म्हाताऱ्यांना विचारलं की अमुक माणूस बहिरा होता का, तर त्यांना आठवायला वेळ लागायचा. शेवटची बहिरी बेटवासी १९५२ मध्ये गेली.

उलट बाजूला १८८० ची मिलानची परिषद. ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव केला, की बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद. आईच्या शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. मिलानच्या त्या ठरावाबद्दल २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत खेद व्यक्त केला. आईला दाखवलं ते. तिने एक खूण केली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

डॉ_अनिरुद्ध
सनी, ग्रोस लगेच मागवतो. आणि निदान मुलांकडून सांगवू नये, हे आमच्या विभागात आज सकाळीच बोललो. दुभाषा कुठून आणायचा यावर गाडी अडली आहे. कुणाला माहिती असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

निशिगंध_
बोबी यांचं ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ (१९९७) राहिलंच. फ्रेंच संपादक, पक्षाघातानंतर सगळं शरीर बंद, फक्त डावी पापणी हलते. सहायक एकेक अक्षर म्हणते, हवं ते आलं की पापणी मिटायची. अक्षरांचा क्रम अ-ब-क नाही, फ्रेंचमध्ये जास्त वापर होतो त्या क्रमाने: ई, एस, ए, आर... पुस्तक छापून आलं आणि दोनच दिवसांत ते गेले. त्यात आठवणीतल्या जेवणाची काय वर्णनं आहेत!

बंड्या_गोरेगावकर
मराठीत कसं करणार? काना-मात्रा-वेलांटी, वर जोडाक्षरं. ‘ज्ञानेश्वर’ म्हणेपर्यंत पापणीला कळ लागेल.

निशिगंध_
बंड्या, थट्टेत बोललास पण आम्ही केलंय. बाबांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. वाचा गेली, मग हात. मी आधी इंग्रजी तक्ता आणला, त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे नको. मग भावाने साध्या पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहिली आणि लक्षात आलं की आपली वर्णमाला या कामासाठी फ्रेंच यादीपेक्षा सोयीची आहे. ती मुळातच ओळींत आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. आधी ओळ विचारायची, मग ओळीतली पाचातली जागा. मात्रा आम्ही सोडूनच दिल्या, अंदाजाने भरायच्या. जोडाक्षरं बाबांनी स्वतःच तोडली. रोजच्या गोष्टींना तक्त्याच्या कडेला वेगळे चौकोन: कूस, पाणी, कफ, पंखा, आणि आईच्या आग्रहावरून ‘रागावलोय’. सगळ्यात जास्त वापर शेवटच्या चौकोनाचा झाला.

एकदा त्यांनी ‘क ट’ एवढंच सांगितलं. कट? काट? कोट? काटा? आम्ही सगळे टेबलाभोवती तर्क लढवतोय, अर्धा तास. त्यांना ‘कटकट’ म्हणायचं होतं.

बंड्या_गोरेगावकर
निशिगंध, शब्द मागे घेतो, आणि बाबांना सलाम. कटकट =))

शरयू_काकू
हा तक्ता कुणाला तरी उपयोगी पडेल. वेगळा धागा काढ गं, फोटोसकट.

ध्वनी_
फोटोसकट, आणि खाली वर्णन लिहून.

निशिगंध_
दोन्ही करते. भावाकडे पुठ्ठा अजून आहे बहुतेक.

सत्यमेव_१
मी गप्प वाचत होतो. माझं मत अजून तेच आहे, की चरित्रांनी बळ मिळतं. पण मुलांना ‘बेटाचं पुस्तक’ वाचून दाखवेन. मुलगी विचारतेय, शाळेत खुणांची भाषा का नाही शिकवत. आहे का कुठे शिकायची सोय?

मुंबईचा_सनी
वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे चौकशी करा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, व्हिडिओसकट. मुलीला आधी शिव्या शोधायला देऊ नका, मी तेच केलं होतं.

मीनल_क
मंडळी, भिशीचं ठरलं. ‘वेदी’ सगळ्यांनी वाचायचं, दादर म्हटल्यावर दोघींनी लगेच हात वर केला. ज्यांचं इंग्रजी जरा अडतं त्यांच्यासाठी मी मोठ्याने वाचून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवणार आहे. ह्यूमन आणि कांगा ऐच्छिक. (कांगासाठी रांग आहे.) एकवीस प्रकारांची यादी मी आधीच गटात टाकली. एकीने लिहिलं, आमच्याकडे तीन. दुसरीने काहीच लिहिलं नाही, रात्री फोन केला आणि तासभर बोलली.

आणि ध्वनी, आमच्यात एक जण डीटीपीचं काम करायची. तिच्याकडे कृतिदेवच्या फायली युनिकोडमध्ये बदलायचं साधन आहे. म्हणते, जोडाक्षरांत चुका होतात, त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात, पण आम्ही सात-आठ जणी दुपारी रिकाम्याच असतो. कुठलं पुस्तक आधी हवंय?

ध्वनी_
अरे वा. मग स्पष्टच सांगते. अपंगत्वावरचं काहीही नको. एखादी चांगली लांबलचक रहस्यकथा द्या. खून पहिल्या दहा पानांत झालेला असावा.

शरयू_काकू
रहस्यकथांचं एक कपाट आहे माझ्याकडे. ठाण्याला या कुणीतरी घ्यायला. लिफ्ट आहे.

चाकोरी
काकू, लिफ्टपर्यंत पायऱ्या किती?

शरयू_काकू
थांब, मोजून येते.